दत्ताभाऊंची बंद गाडी

दत्ताभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीत टाकीजवळ पाइप धरून उभा होतो. शांतावहिनी, त्यांच्या पत्नी, एवढंच म्हणाल्या, "सर, हे गेले." आठ दिवसांनी आलेलं पाणी टाकी भरून गच्चीवर वाहू लागलं आणि मी ते नुसतं बघत राहिलो. खालून शेजारी ओरडले तेव्हा भानावर आलो. त्याला आता दीड महिना झाला.

दत्ताभाऊ मूळचे देवगाव रंगारीचे. जालना रोडच्या मागच्या गल्लीत गाड्यांच्या वायरिंगचं त्यांचं छोटं दुकान होतं. आमची ओळख झाली ती वेरूळच्या रस्त्यावर. माझी जुनी गाडी घाटात बंद पडली होती. सेल्फ मारला की इंजिन घरघर फिरायचं, पण चालू काही होईना. मी आपला चावी पिळत होतो. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार! एवढ्यात एक माणूस स्कूटर थांबवून आला आणि म्हणाला, "चावी सोडा सर. बॅटरी बी मरंल अशानं." मग त्यांनी मला चावी अर्धीच फिरवून गप्प बसायला लावलं आणि स्वतः मागच्या सीटला कान लावला. पेट्रोलचा पंप तिथं क्षणभर गुणगुणतो, तो गुणगुणला नाही म्हणजे इंजिनला पेट्रोलच मिळत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पंपाचा फ्यूज जळाला होता. त्यांनी हॉर्नचा फ्यूज काढून तिथं बसवला. गाडी पहिल्या फटक्यात लागली. घरापर्यंत हॉर्न नव्हता, म्हणून मी भर बाजारातून खिडकीबाहेर डोकं काढून "सरका, सरका" करत आलो. हा किस्सा ते पुढं येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत, आणि प्रत्येक वेळी माझा आवाज थोडा वाढवून.

तेव्हापासून रविवारी सकाळी त्यांच्या घरी चहा हा माझा नेम झाला. आम्ही एकमेकांची यथेच्छ चेष्टा करायचो. त्यांची स्वतःचीही एक जुनी गाडी होती, तांबडी, तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. वहिनींचं माहेर सिल्लोडचं, तिकडं ते ही गाडी घेऊनच जात. दोन वर्षांपूर्वी ती गाडी बंद पडली ती पडलीच. मी जावं तर भाऊ बॉनेट उघडून समोर स्टुलावर बसलेले. सेल्फ घेते, पण लागत नाय, म्हणायचे. मला तर आयतंच सापडलं. शेजाऱ्यांच्या देखत मी म्हणायचो, "भाऊ, दुकानाची पाटी उतरवा आता." ते हसायचे. कधी कधी थोडे उशिरा हसायचे, पण एवढं बघायला मला कुठं सवड होती? पुढं मी माझी गाडीही नव्या मोठ्या गॅरेजात टाकू लागलो आणि तेही त्यांना हसत हसत सांगितलं. आणि शेवटच्या दोन-तीन महिन्यांत तर माझं जाणंच थांबलं. कारण काही नव्हतं. एकदा चुकलं, मग पुन्हा चुकलं...

परवा वहिनींचा निरोप आला. मुलगा पुण्याहून आला होता आणि गाडी भंगारात द्यायची म्हणत होता. त्याआधी सरांनी एकदा बघावी, असं त्यांचं म्हणणं. मी गेलो. स्टूल कुणीतरी भिंतीशी सरकवून ठेवलं होतं. बॅटरी मुलानं चार्ज करून आणली होती. सेल्फ मारला, इंजिन छान फिरलं, लागलं नाही. भाऊंनी शिकवलेलं तेवढंच मला येतं, म्हणून चावी अर्धी फिरवून मागच्या सीटला कान लावला. काही नाही. फ्यूजची पेटी उघडली, तर पंपाचा फ्यूज जळालेला नव्हता. तो तिथं नव्हताच. कुणीतरी नीट उपसून काढला होता.

जो माणूस हा दोष रस्त्यात उभ्या उभ्या ओळखायचा, त्याला तो दोन वर्षं सापडला नाही? मी वहिनींकडे बघितलं. त्या आत गेल्या आणि देव्हाऱ्यातली वातींची डबी घेऊन आल्या. फ्यूज त्यात होता.

वहिनी सांगू लागल्या. सिल्लोडहून येताना एक म्हातारी गाडीखाली येता येता वाचली होती. भाऊंना डाव्या बाजूचं दिसेनासं झालं होतं. घरी आल्यावर त्यांनीच फ्यूज काढला आणि आपण स्वतः मागितला तरी देऊ नको, असं बजावून वहिनींच्या हातात ठेवला. मागितला मात्र कधीच नाही.

मला का नाही सांगितलं, एवढंच मी कसंबसं विचारलं.

"मी म्हणलं व्हतं, सरायला तरी सांगा," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणले, नको. गाडी बिघडली म्हणून सर हसतेत. डोळ्याचं कळलं तर हसायचं सोडतील."

मला रडू आवरेना. शेवटचे कितीतरी रविवार मी आलोच नव्हतो, हे मीच बोलून गेलो.

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "तरी बॉनेट उघडून बसायचे. दहा वाजेपर्यंत."