ज्वारीच्या कोठीतले मोबाईल

आमच्या घरातले चारही मोबाईल एकदा ज्वारीच्या कोठीत पुरले होते, आणि ते पुरायला लावणारा शहाणा मीच होतो.

कुंभार पिंपळगावात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्ती आपली नावाला. बाजारच्या दिवशी खरी गर्दी मेमरी कार्डात सिनेमे भरून घ्यायला. सिनेमे येतात कुठून, हे गिऱ्हाईक विचारत नसे आणि मीही सांगत नसे. (देवळातल्या प्रसादाची कुणी पावती मागतं का?)

त्या सकाळी टीव्हीवर एक पुढारी तावातावाने बोलत होते. इंटरनेटवरून सिनेमे चोरणाऱ्यांना आधी समज द्यावी, तरी ऐकले नाहीत तर त्यांचं यंत्र लांबूनच जाळून टाकावं, असं त्यांचं म्हणणं. हे खरंच जमतं का, असं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला विचारलं. आता घरात मोबाईलमधलं कळणारा मी एकटा. 'माहीत नाही' म्हणालो असतो तर दुकानाची इज्जत गेली असती. म्हणून ठोकून दिलं, "रेंज असली का झालं. तिकडं बटण दाबलं का इकडं खिशात भडका!"

अण्णांनी आधी खिसा चाचपला, मग कोठीचं झाकण काढलं. मागे मायचा फोन हौदात पडला तेव्हा मी तो ज्वारीत ठेवून वाचवला होता. तेव्हापासून ज्वारी हे मोबाईलवरचं औषध, यावर अण्णांचा पक्का विश्वास. कोठी पत्र्याची आहे, रेंज आत शिरायची नाही, ही भर माझीच.

पण नेमकं त्याच दिवशी अंतरवालीचे पाहुणे फोन करणार होते. माझी बहीण सुमी त्यांनी पाहिली होती, होकार तेवढा यायचा होता. मायने हे काढताच अण्णा म्हणाले, "वाजला का काढू की."

सुमी कोठीला कान लावून बसली. रेंजच आत जात नाही तर फोन वाजणार कसा, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्या तर मुळीच नाही.

दुपार झाली. सुमीचं तोंड एवढंसं झालं. "दादा, त्यांला मी पसंत न्हाई," ती हळूच म्हणाली, आणि मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. मुलाचे चुलते! चेहरा लालबुंद.

"सकाळपासून फोन लावून राह्यलो. सगळ्यांचेच बंद. सोयरीक करायची नव्हती तर बराबर तोंडावर सांगायचं."

अण्णांनी कोठीकडे बोट दाखवलं आणि मला पुढे ढकललं. मी पुढारी, बटण, भडका, सगळं अगदी तज्ज्ञासारखं समजावलं. चुलते ऐकत राहिले. त्यांचा राग हळूहळू उतरला आणि हात खिशाकडे गेला.

"मंग माझाबी ठेवा आत."

मायने लगेच साखर आणली. सोयरीक कोठीपाशीच पक्की झाली.

तो कायदा काही आला नाही. बातमी मात्र गावोगाव पोहोचली. आता बाजारच्या दिवशी दुकानापुढे रांग लागते ती सिनेमे पुसून घ्यायला. आणि त्याचे पैसे मागायची सोय नाही, कारण रांगेत पहिले उभे होते सुमीचे चुलतसासरे, आणि त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "भरून तुमीच दिल्ते, मंग काढून बी तुमीच द्या."