न विचारता काढलेले बोंबील

सुकत्या बोंबलांचा वास मला नाकापेक्षा जिभेच्या मुळाशी आधी जाणवतो: खारट, किंचित गोडसर, त्यात उन्हाने तापलेल्या काथ्याचा करपट धागा. आज सत्तरी ओलांडल्यावरही तो कुठे दरवळला, की मी सातपाटीच्या किनाऱ्यावर उभी असते. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील बांबूंना ताणून बांधलेल्या दोरांवर वाऱ्याने वाजत असतात, कोऱ्या वह्या चाळाव्यात तसे.

तारापूरकडे वीज केंद्राचे बांधकाम सुरू होते त्या काळात, साठच्या दशकात, मी पालघरहून तिथल्या शाळेत शिक्षिका म्हणून गेले. एका कोळी घरात खोली घेतली. घरमालकीण बोलकी, हसरी. समोरच्या दारात तिची थोरली जाऊ. दोघींचे अंगण एक आणि बोंबलांचे दोरही शेजारी शेजारी; मात्र त्या हिवाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि आळीत यायचा एकुलता एक नळ मधे उभा राहिला. तो उत्तरेच्या टोकाला बसवणारा उमेदवार माझ्या घरमालकिणीचा, दक्षिणेला बसवणारा थोरलीचा. दोघींनी अबोला धरला. अबोला म्हणजे काय, तर एकमेकींशी बोलायचे ते जनावरांकरवी.

“मांजरे, जा गो, सांग तिला, उत्तरेचा पानी गोड लागतं.”

समोरच्या उंबऱ्यातून कोंबडीला उत्तर मिळे, “ऐकलास? नळ अजून आला नाय, नि हिला चव कलली.”

मी धाकटीकडे राहत असल्याने थोरलीच्या लेखी मला नाव नव्हते. मी ‘तिच्याकडची’. मी पाण्याला निघाले की ती कोंबडीला म्हणे, “बाजूला हो, तिच्याकडची येतंय.” मी हसून पुढे जाई, ते शब्द मात्र दिवसभर पायात काट्यासारखे सलत.

फाल्गुनातली एक दुपार. दोघी जावा पालघरच्या बाजाराला गेलेल्या. एकाच एसटीत, अर्थात पाठीला पाठ लावून. धाकटी जाताना सांगून गेली होती, “आभाल आला तं बोंबील काढ गो.” थोरलीची होडी महिनाभर दुरुस्तीसाठी वाळूवर ओढलेली होती, त्या एका दोरावर टांगले होते तेवढेच तिच्या घरचे बोंबील. पावसाळ्याची बेगमी तीच. ओले झाले असते तर किडले असते. हे आळीत सगळ्यांना ठाऊक होते, मलाही.

शाळा सुटून मी घरी पोचते तोच पश्चिमेला आभाळ शिंपल्याच्या पाठीसारखे करडे झाले. भर फाल्गुनात. मी पदर खोचला, धाकटीचा सगळा दोर उतरवला, बोंबील आत नेऊन पसरले. मग थोरलीच्या दोराशी येऊन थांबले. परक्याच्या वस्तूला न विचारता हात लावू नये, ही माझ्या वडिलांची शिकवण. हातात धरलेली जोडी मी सोडून दिली आणि आपल्या संयमावर खूश होत दाराशी जाऊन बसले.

एसटी आली. धाकटी डोक्यावर पाटी घेऊन वळणावर दिसली. पहिला थेंब तिच्या कपाळावर पडला असावा, कारण तिने वर पाहिले आणि मग दोरांकडे.

“तिचं का नाय काढलंस?”

“त्यांना न विचारता कसा हात लावायचा?”

“आन् पान्यानं इचारलं काय तिला?” पाटी तिथेच टेकवून ती धावली. मी मागे. “तुमचं भांडण आहे ना?” मी धापा टाकत म्हटले.

“भांडन नळाचा हाय, पोरी. बोंबलाला कुठं मत हाय?”

आम्ही ओंजळी भरभरून बोंबील ओढले. थोरली गुडघ्याच्या दुखण्याने मागे रेंगाळली होती. ती पोचली तेव्हा तिचा शेवटचा बोंबील धाकटीच्या ओटीवर पडत होता आणि बाहेर वाळूवर सरी उमटत होत्या. तिने दारात पाटी उतरवली. मग धाकटीच्या मांजराला म्हणाली, “सांग तिला, माझं मोठं बोंबील तिच्या किडकिड्यांत मिसलू नको.”

“कोंबडे, किडकिडे कोन ते आरशात बघायला सांग,” धाकटी थोरलीच्या मागोमाग आत शिरलेल्या कोंबडीला म्हणाली.

आणि दोघी एकाच चटईवर बसून बोंबील निवडू लागल्या.

पुढे मी पुष्कळ निवडणुका पाहिल्या, निष्ठेवरची भाषणे ऐकली, एकाच घरात मतांवरून फुटलेली ताटेही पाहिली. वडिलांचा नियम खोटा होता असे मला आजही वाटत नाही. तो कोरड्या दिवसांसाठी होता. आभाळ भरून आल्यावरचा नियम मी त्या किनाऱ्यावर शिकले, तोही उशिरा, एकीची बेगमी जवळजवळ नासवून.

नळ दक्षिणेला बसला. धाकटी तिथूनच पाणी भरी आणि ते मचूळ असल्याचे मांजराला रोज न चुकता कळवी.

त्या पावसानंतरच्या शनिवारी मी पालघरला घरी जायला निघाले. एसटी पाट्यांनी भरलेली. पुढच्या बाकावर धाकटी, मागच्या बाकावर थोरली. उभे राहायलाही जागा नव्हती. कंडक्टर वैतागून म्हणाला, “मावशी, ह्या पाट्यांच्या गर्दीत ही मुलगी कोण आणि कुणाबरोबर?”

धाकटीने तोंड उघडण्याआधी थोरलीने आपली पाटी मांडीवर ओढली, बाकावरची मोकळी झालेली वीतभर जागा तळव्याने थोपटली आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाली,

“आमची.”