चार बोल्टांवरच्या चार रेघा

त्यांना सगळे जपूनमास्तर म्हणत. गाडी दुरुस्त करून किल्ली परत देताना "जपून" म्हटल्याशिवाय या माणसाने आजवर एकही गिऱ्हाईक सोडलेलं नव्हतं. कुणी नुसती हवा भरायला आला तरी जपून. एकदा एक गाडी टेम्पोवर चढवून कायमची भंगारात निघाली होती, तर तिच्या मालकालाही त्यांनी जपून म्हटलं. लोक हसायचे. हसू देत. त्यांच्या हातून गेलेली गाडी रस्त्यात बंद पडली असं चाळीस वर्षांत कुणी म्हटलं नाही, हे त्या हसणाऱ्यांना विचारा.

खरी गोष्ट अशी की मास्तर मनातून भयंकर घाबरट होते. चाक बसवलं की त्यांना ते निखळलेलं दिसायचं. ब्रेक बदलला की गाडी भिंतीत घुसलेली दिसायची. पूर्वी तर जेवता जेवता उठून गॅरेजमध्ये जायचे, कसलेला बोल्ट पुन्हा कसायचे, परत येऊन दोन घास खायचे, पुन्हा उठायचे. गॅरेज घराच्या अंगणातच, त्यामुळे अडवणारं काही नव्हतं. असाच एक बोल्ट तीनदा कसून त्यांनी एकदा तोडला. तेव्हा लेक कॉलेजात होती. तिने आपल्या नेलपॉलिशची रिकामी बाटली आणून दिली आणि म्हणाली, "बाबा, यात पिवळा रंग भरा. बोल्ट पक्का कसला की त्यावर एक रेघ मारायची. रेघ दिसली की विषय संपला. परत हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल," मास्तर म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांना दोन्ही वेळचं जेवण सलग मिळायला लागलं. डॉक्टरच्या गोळ्यांनी जे झालं नसतं ते त्या रेघेनं केलं.

तर अशा माणसाकडे जावयाने आपली गाडी आणली. गाडी जावयाच्या वडिलांची, पन्नास वर्षांपूर्वीची. एवढीशी गाडी, दोन गोल दिवे आणि पुढे रुंद हसल्यासारखी जाळी. इंजिन कधीच संपलेलं, सुटे भाग कुठे मिळत नव्हते. जावयाने एका अपघातात चेपलेल्या नव्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स मिळवला होता. इंजिन जुन्याच्या दुप्पट ताकदीचं.

"बसेल ना, बाबा?"

मास्तर गाडीभोवती एक फेरी मारून आले. बसवलं तर बसेल हो. पण एवढीशी गाडी, तिला एवढी ताकद! दुसरा कुणी असता तर मास्तरांनी सरळ हाकलून दिला असता. पण जावई पडला. त्यातून गुणी, वडिलांच्या आठवणीने डोळ्यांत पाणी आलेला. मास्तर म्हणाले, "बसवू. पण ब्रेक आधी बदलायचे. इंजिन नंतर."

चार महिने काम चाललं. नव्या इंजिनासाठी पुढचे आधार नव्याने तयार केले. गिअरबॉक्स मावेना म्हणून मधला पत्रा कापून उंच केला. गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना फिरवणारा जो लांब लोखंडी दांडा असतो, प्रोपेलर शाफ्ट, तो लांबीला जास्त व्हायला लागला. तो कापून, जोडून, लेथवर सरळ करून आणला. जावई दर रविवारी येऊन हाताखाली काम करायचा. एकेका बोल्टवर पिवळी रेघ चढत गेली, तसतशी मास्तरांची भीती थोडी थोडी खाली बसली. थोडीच. पुरती नाही.

मंगळवारी पहिली चक्कर मारली तेव्हा शाफ्ट गुणगुणायला लागला. बुधवारी मास्तरांनी तो काढून पुन्हा लेथवर नेला, त्याचा तोल पुन्हा जुळवून आणला आणि संध्याकाळी परत बसवला. मागच्या टोकाला चार बोल्ट. ते त्यांनी छोट्या पान्याने नुसते टेकवले. पक्के कसायला टॉर्क पाना लागतो. लांब दांड्याचा असतो, हवा तेवढा जोर झाला की टक् असा आवाज करतो. तो सकाळीच शेजारच्या टायरवाल्याने मागून नेला होता. आला की कसू, असं म्हणून मास्तर गाडीखालून बाहेर यायला गेले आणि कंबरेत अशी उसण भरली की दोन दिवस पलंगावर.

शनिवारी सकाळी लेक आणि जावई हजर. घाट उतरून पलीकडच्या गावी जावयाची आई राहायची. नवऱ्याची गाडी पुन्हा चालती झालेली तिला दाखवायची, असं ठरलेलं. मास्तर कंबर धरून उठले. बॅटरीचा उजेड टाकून गाडीखाली एकदा नजर फिरवली. इंजिनाचे आधार, रेघ. गिअरबॉक्स, रेघ. ब्रेकच्या नळ्या, रेघ. शाफ्टचे मागचे चार बोल्ट, चार रेघा. विषय संपला. गल्लीत हळूच एक चक्कर मारून आणली, कुठे आवाज नाही.

"जपून," त्यांनी किल्ली दिली.

"हो बाबा, जपून, जपून!" लेक हसली, आणि ती एवढीशी गाडी मोठ्या गाडीच्या आवाजात गेली.

अर्ध्या तासाने टायरवाला आला. "मास्तर, तुमचा पाना. बुधवारी सकाळी नेला तो माझ्याकडेच राहिला बघा. तुम्ही आजारी म्हणून आलो नाही."

मास्तरांनी पाना हातात घेतला. "बरं बरं," म्हणाले. टायरवाला दारापर्यंत गेला असेल नसेल, आणि मास्तर बोटांवर वार मोजायला लागले.

पाना बुधवार सकाळपासून याच्याकडे. शाफ्ट बसवला बुधवारी संध्याकाळी. मग ते चार बोल्ट कसले कशाने?

कसलेच नव्हते. पण रेघा होत्या! सकाळी आपल्या डोळ्यांनी पाहिल्या. आणि रेघा दुसरं कोण मारणार? म्हणजे आपणच मारल्या. न कसता. आणि आठवत नाही.

मास्तर खाली स्टुलावर बसले. त्यांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी असेच झाले होते. गॅस बंद केला म्हणायचे आणि तो चालू असायचा. पुढे बायकोला ओळखेनात. तेव्हापासून मास्तर चष्मा सापडला नाही तरी चपापायचे. आता त्यांना दोन गोष्टींची एकदम भीती वाटायला लागली, आणि कुठली मोठी ते ठरवायलाही वेळ नव्हता. शाफ्टचं मागचं टोक सुटलं तर काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. तो दांडा गाडीखाली गरागरा फिरत आपटतो. जवळून ब्रेकची नळी जाते, ती तोडतो. घाटाच्या उतारावर, ब्रेक नसलेली गाडी, आत आपली पोर.

त्यांनी लेकीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. त्या इंजिनाच्या आवाजात पर्समधला फोन कसला ऐकू येतोय! जावयाचा लागेच ना.

"अहो, कंबर धरून कुठे निघालात?" बायको दारात आली.

"आलोच जरा जाऊन."

"चहा टाकलाय!"

"ठेव झाकून." बायकोला सांगायचं धाडस त्यांना झालं नाही. टॉर्क पाना पाठीला दोरीने बांधला, खिशात दोन जादा नट-बोल्ट टाकले आणि जुनी स्कूटर काढली. घाईत किल्ली दोनदा खाली पडली.

रस्ता सरळ होता आणि मास्तर आयुष्यात पहिल्यांदा जोरात चालवत होते. प्रत्येक खड्ड्यात कंबरेतून कळ जायची. डोळे रस्त्यावर. काही चमकलं की वाटे, बोल्ट. एकदा तर थांबून उचललाही, तर बाटलीचं झाकण. आपण केलं, आपल्या हाताने केलं, एवढंच डोक्यात घुमत होतं. चाळीस वर्षं लोकांच्या पोरांना जपलं आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी माती खाल्ली.

पुढे वळणावर गर्दी दिसली. माणसं रस्त्याच्या कडेला वाकून बघत होती. स्कूटरचा वेग आपोआप कमी झाला, कारण पोचायचं होतं आणि पोचायचं नव्हतंही. जवळ गेले तर कलंडलेला भाजीचा टेम्पो. टोमॅटो पसरलेले, ड्रायव्हर धडधाकट, शिव्या देत उभा. "काका, बघत काय बसलाय, उचलू लागा की!" तो म्हणाला. मास्तर त्याला हात जोडून पुढे सुटले. त्यांना रडू येत होतं.

घाट सुरू व्हायच्या आधी एक पेट्रोल पंप आहे. त्याच्या सावलीत ती गाडी उभी होती. दोन गोल दिवे, हसरी जाळी. शेजारी लेक उभी, जावई बॉनेट उघडून आत बघतोय. मास्तरांनी स्कूटर स्टँडला न लावता तशीच सोडली. ती आडवी पडली. पडू दे.

"बाबा? तुम्ही इथे?" जावई ताठ उभा राहिला.

"का थांबलात?"

लेक म्हणाली, "खालून काहीतरी थरथरत होतं. हे म्हणाले, नवं इंजिन आहे, होतं तसं. मी म्हटलं, नाही, आधी थांबवा. घाट लागायच्या आत थांबवा. मी काय, तुमचीच मुलगी." ती हसायला गेली, तर बापाचा चेहरा दिसला.

मास्तर जमिनीवर आडवे झाले आणि गाडीखाली सरकले. कंबर ओरडली, त्यांनी ऐकलं नाही. मागच्या टोकाला चार भोकं. एक रिकामं. दोन बोल्टांचे नट शेवटच्या आट्यांवर आलेले, बोटाने फिरत होते. चौथा कसाबसा धरून होता. आणि जे तीन उरले होते त्यांच्यावर पिवळ्या रेघा, नट फिरल्याने मधून तुटलेल्या.

त्यांनी एक नट दोन बोटांनी काढला आणि हात बाहेर काढून जावयाच्या तळव्यावर ठेवला. "हाताने निघाला," ते म्हणाले.

जावयाने तो नट बोटांत फिरवून पाहिला. मग उकिडवा बसला आणि अगदी हळू आवाजात बोलला. "बाबा, त्या रेघा मी मारल्या."

"काय?"

"शुक्रवारी गाडी पुसायला आलो होतो. सगळ्यांवर रेघा होत्या, या चारांवर नव्हत्या. मला वाटलं, कसले असतील, तुम्ही असं ठेवणारच नाही. फक्त रेघ मारायची विसरलात. हल्ली तुम्ही... म्हणजे मध्ये दोनदा किल्ली विसरला होतात. तुम्हाला कळलं तर वाईट वाटेल, म्हणून गुपचूप मारल्या. चुकलं माझं, बाबा. फार मोठं चुकलं."

मास्तर गाडीखाली तसेच पडून राहिले. रागवायला हवं होतं. पण आधी जे आलं ते हसू. म्हणजे रेघा आपण नाही मारल्या! डोकं जागेवर आहे! जिवात जीव आला. वेड्या माणसा, माया करायची तर चहा पाजायचा, बोल्ट कशाला रंगवतोस, असं ते म्हणणारही होते.

पण ते म्हणाले नाहीत. कारण लगेच दुसरी गोष्ट समोर उभी राहिली. रेघा जावयाने मारल्या, ठीक. पण पाना आला की कसायचंय, हे विसरलं कोण? दोन दिवस पलंगावर पडून होतो, एकदा तरी आठवलं का? सकाळी रेघा बघताना, पाना अजून टायरवाल्याकडे आहे, हे आठवलं का? नाही. जावयाला जे वाटलं ते अगदीच खोटं नव्हतं.

"बाबा, बोला की काहीतरी," लेक वाकून म्हणाली.

"तू आत ये," मास्तर म्हणाले. "कपडे खराब होतील. होऊ देत."

ती आली. बापाशेजारी पाठीवर पडली, लहानपणी शाळा सुटली की यायची तशी. मास्तरांनी रिकाम्या भोकात जादा बोल्ट घातला, चारही नट बसवले आणि टॉर्क पाना तिच्या हातात दिला. "ओढ. आवाज येईपर्यंत."

टक्. टक्. टक्. टक्.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"चारही?"

"चारही, बाबा." तिने बाजूला उभ्या नवऱ्याकडे हात केला. "माझ्या पर्समधलं नेलपॉलिश द्या." त्याने बाटली काढून दिली. लाल होती. तिने चार लाल रेघा मारल्या, आणि मास्तर प्रत्येक रेघ पूर्ण होईपर्यंत बघत राहिले.

बाहेर आल्यावर जावई म्हणाला, "आपण परत जाऊ या घरी. आईला नंतर कधी दाखवू."

"नाही. ती वाट बघत असेल. जा तुम्ही."

"नक्की?"

"रेघ आहे ना," मास्तर म्हणाले. "विषय संपला."

दोघं बसली. लेकीने काचेतून हात बाहेर काढून बापाचा हात क्षणभर धरला. या वेळी ती हसली नाही. "जपून," तीच म्हणाली. गाडी पंपातून बाहेर पडून घाटाच्या दिशेला लागली.

मास्तरांनी आडवी स्कूटर उचलून उभी केली. घराकडे तोंड केलं. टक् चार वेळा वाजलं होतं, त्यांनी स्वतः ऐकलं होतं. की तीनदा? चारदा. लेक म्हणाली ना चारही. पण सकाळीही रेघा बघून आपण असंच ठीक म्हटलं होतं.

त्यांनी स्कूटर वळवली आणि त्या गाडीच्या मागोमाग घाटात घातली.