नैरोबीचा मुराळी

राहुरीला आमच्या घरामागे एका म्हाताऱ्या शेतकरीबाबांचं शेत होतं. कुठलीही वस्तू हलवून पाहिल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. आमच्याकडे आले की आधी बाज हलवून बघत, मगच टेकत. काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "बघू."

लढाई संपून बोटी सुरू झाल्या आणि मला नैरोबीहून सासरचं बोलावणं आलं. आनंदानं माझे पाय जमिनीवर ठरेनात! पण पासपोर्टासाठी जामीन हवा होता, तोही जमीनजुमला असलेला. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर. आमच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. वडिलांनी भीतभीत शेतकरीबाबांनाच विचारलं. "बघू," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी नवा फेटा बांधून आमच्याआधी कचेरीत हजर!

आत जाताच त्यांनी कारकुनाचं टेबल हलवून पाहिलं. "पाय ढिला हाय ह्याचा."

कारकून वैतागला. "बाबा, सासरच्यांना हिला पोसणं झेपलं नाही, तर परत आणायचं भाडं तुमच्या अंगावर. कळतंय का?"

"म्हंजी मुराळी व्हायाचं. मंग सरळ सांगा की!"

सासुरवाशिणीला माहेरी आणायला भाऊ मुराळी म्हणून जातो. मला भाऊच नव्हता.

त्यांनी अंगठा उठवला. मी तर तिथंच नाचले असते. पण ते काही जागचे हलेनात. कागदाकडे बोट दाखवून म्हणाले, "आन सायब, पोर तिकडं सुखात नांदली, तर नाताळाला तिला आनाया कोनी जायाचं? ते कुठं लिवलंय ह्यात?"