बापाच्या शर्टाला कच्चे टाके

इकडे आखातात, अल नहदाला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक नायजेरियन राहायचा, योरुबा जमातीचा. आठवडाभर शिपिंग कंपनी, शुक्रवारी नाटकाची तालीम. मी घरी ब्लाऊज शिवते हे कळल्यावर एकदा चिंध्यांचं गाठोडं घेऊनच आला. "सिस्टर, एगुंगुन शिवायचाय."

म्हणजे त्यांचा पूर्वज. मेलेला माणूस कापडाच्या पट्ट्यांची झूल पांघरून घरी येतो. आत कोण आहे हे विचारायचं नाही. तो राजालाही तोंडावर सुनावतो. याच्या वडिलांनी तो पूर्वज गावच्या अंगणातून स्टेजवर आणला आणि समोर राजाऐवजी लष्करी जनरल उभा केला. एका प्रयोगानंतर शिपाई त्यांना घेऊन गेले, पुढे काही कळलंच नाही. तेच नाटक हा आता इथे बसवत होता.

गाठोड्यात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. आपण गोधडीत घरच्यांचे जुने कपडे घालतोच की! मी कात्री उचलली, तर हा ओरडला, "नो! तो बाबांचा आहे. जिवंत माणसाचं कापड यात जात नाही."

"मग गाठोड्यात कोंबलास कशाला? आधी सांगायला काय झालं होतं?" मीही भडकले. तो शर्टाची घडी घालून निघून गेला.

तालमी चालू असतानाच तिकडचा खरा जनरल मेला. तुरुंग उघडू लागले. "येतील, इन्शाल्ला," तो लिफ्टमध्ये भेटला की म्हणायचा. सुटलेली माणसं घरी पोचली. त्याचे वडील त्यांत नव्हते.

एका संध्याकाळी तो शर्ट घेऊन दारात उभा. "लाव. पण कापू नकोस. कच्चे टाके घाल, आले तर उसवता येतील."

मला रडूच फुटलं.

प्रयोग बिल्डिंगच्या हॉलमध्ये झाला. झूल गरगरत आली, जनरलसमोर थांबली. आतून घोगरा, म्हातारा आवाज आला, "मला कुठे पुरलंस, सांग." हे वाक्य तालमीत कधीच नव्हतं. जनरल झालेला मल्याळी अकाउंटंट पुढचं सगळं विसरला.

नाटक खलास झालं तरी झूल कोपऱ्यात बसून होती. माझी मुलगी म्हणाली, "अंकल, कम आऊट ना!"

"तो इथे नाही, पोरी." तोच म्हातारा आवाज. मी तिला ओढतच घरी आणलं.

पुढे तो कायमचा मायदेशी परतला. झूल मात्र माझ्याकडे ठेवून गेला. मी म्हटलं, "अरे, तुझी आहे, घेऊन जा की!"

"आई अजून बाबांचं ताट वाढते," तो म्हणाला. "ती शर्ट ओळखेल."