दारापाशीची डबी

मेहुण्यांच्या पॉलिहाउसमधला जरबेरा माझ्यामुळे सुकला. का, तर जेवायची हाक आली आणि मी काम अर्धवट टाकून उठलो.

खराडीतल्या ऑफिसात माझं काम हेच. मातीतला ओलावा मोजून बिनतारी कळवणाऱ्या डब्या, आणि त्यांची बॅटरी वाचवणं. प्रत्येक डबी थेट शेतमालकाच्या लांबच्या घरापर्यंत ओरडायला लागली, तर सगळ्याच लवकर दमतात. म्हणून त्यांचे गट पाडायचे. बाकीच्यांनी शेजारच्या एका डबीच्या कानात सांगायचं, तिने सगळ्यांचा मिळून एकच निरोप घरी पोचवायचा. ही झाली मुकादम. तिची बॅटरी भराभर उतरते, म्हणून मुकादमकी आळीपाळीने फिरवायची. हे मी नव्या पोरांना फळ्यावर चित्रं काढून शिकवतो, त्यामुळे मला ते येतं असा माझाही समज होता.

"दादा, आमच्या ह्यांनाच बसवू दे. रोज तेच तर करतात," असं बायको माहेरी मोठ्या तोऱ्यात सांगून बसली होती. मी डब्या बसवल्या. चाचणीपुरती दारापाशीची एकच डबी मुकादम ठेवली. तेवढ्यात हाक आली. पुरणपोळी होती. मुकादमकीची अदलाबदल चालू करायची राहिली, ती राहिलीच.

पुढे दादा लग्नाला परगावी गेले. इकडे दारापाशीची डबी एकटी राबून संपली. बाकीच्या ठणठणीत होत्या, पण त्यांचं ऐकायला कुणी नव्हतं. दादांच्या मोबाइलवर शेवटचा निरोप तसाच राहिला: माती ओली. दादांनी विश्वास ठेवला आणि गड्याला पाणी सोडायला सांगितलंच नाही.

आम्ही धावत गेलो. फुलं माना टाकून उभी होती.

"ऱ्हाऊ द्या पाव्हणं, हाय ते जगवू," दादा म्हणाले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बायको भावाकडे बघत नव्हती, माझ्याकडे तर नाहीच.

परतताना गाडीत तिचा फोन सारखा वाजत होता. माझ्या आईच्या गोळ्या कुठे आहेत, माझ्या बहिणीला आईची तब्येत कळवायची, मुलाला टॉवेल सापडत नाही. सगळ्यांचं ऐकून ती ज्याचं त्याला कळवत होती.

घराखाली गाडी लावल्यावर मी चाचरत म्हणालो, "अगं, चूक एवढीच झाली, की सगळा भार एकाच डबीवर राहिला."

पुन्हा फोन वाजला. तिने तो माझ्या हातात दिला.

"घ्या, तुमच्या आई आहेत. त्यांना सांगा, मुकादम बदललाय."