तडक्याला सांगायचं नाही

गल्लीनं त्याला तडक्या हे नाव दोन कारणांनी दिलं होतं. एक तर धंदा काचा कापायचा. आणि दुसरं, काचेच्या आधी हाच तडकायचा! बायकोही काही कमी नव्हती. "अहो, तुमच्या त्या काच कापायच्या हिऱ्यानं जीभ कापता येते का हो?" असं ती आतल्या खोलीतून विचारी, आणि दुकानातलं गिऱ्हाईक काच घ्यायची विसरून हसत उभं राही. त्यात तिची धाकटी बहीण आली की मग काय विचारता! पोरकी पोर, ह्यांच्याच घरात वाढलेली, इथूनच लग्न होऊन दूर गेलेली. दोघी मिळून त्याला असा सोलायच्या, की गडी काम टाकून चहाला पळे. जीव मात्र त्याचा धाकटीवर लेकीसारखा.

मग त्याचा रक्तदाब चढला. गोळ्या वाढत गेल्या, दाब काही हटेना. डॉक्टर बायकोला म्हणाले, "ह्यांना जपा. मनाला लागेल असं काही कानावर घालू नका."

झालं, घर गप्प झालं. तो फोनवरही ओरडूनच बोलायचा, म्हणून फोन तिनं आपल्याकडे घेतला. "धाकटीनं विचारलंय तुम्हाला," एवढं मात्र न चुकता सांगे. "तिला म्हणावं, आधी स्वयंपाक शीक," असं तोही उलटा निरोप धाडी.

पुढे एका नव्या डॉक्टरीणबाईंनी तपासायची नळी छातीबरोबर पोटालाही लावली आणि थबकल्या. आत सूं सूं आवाज! किडनीला रक्त नेणारी वाहिनीच अरुंद झालेली. उपाशी किडनीच दाब चढवत होती. वाहिनीला फाटे फुटतात नेमकी तिथेच आवळलेली, त्यामुळे आतून फुगा फुगवून भागेना. सर्जननी मांडीतली शीर काढून रक्ताला बाजूनं नवी वाट करून दिली.

दाब उतरला. "म्हणजे माझ्या रागानं नव्हतं?" त्यानं विचारलं.

"राग तुमचा, आजार वाहिनीचा," सर्जन हसले.

घरी आला तो उड्या मारायचाच बाकी. "अगं, आता भांड पोटभर! आणि धाकटीला बोलाव. भाऊजीचं पोट फाडलं तरी फिरकली नाही, तिला बघतोच!"

बायको उशी नीट करत होती. करतच राहिली.

"अहो, ती नाही."

"नाही म्हणजे? कुठे गेली?"

"गेल्या वर्षी मी तिच्या सासरी लग्नाला म्हणून गेले होते ना... लग्न नव्हतं ते."

त्याला आठवलं. ती परत आली तेव्हा त्यानंच टोमणा मारला होता, लग्नाला जाऊन हात हलवत आलीस म्हणून. आणि ती हसली होती.

"आणि ते निरोप?"

"माझेच."

ओरडायला त्यानं तोंड उघडलं, पण नुसता हुंदका आला. तिनं पटकन त्याच्या पोटावर हात ठेवला. "हळू हो, टाके ओले आहेत."

"माझं मरू दे. तू रडलीस का गं तेव्हा?"

ती त्याचं पांघरूण सारखं करू लागली.

"आता तरी रड."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "तुम्हाला चालेल?" तिनं विचारलं.